पाठ झालेला तक्ता

३ एप्रिल

दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोन कट करता येतो. पत्र फार तर फाडता येतं, आणि फाडण्याआधी माणूस एकदा तरी वाचतोच. पत्ता आईने दिला. मी मागितलाही नव्हता. आई टपालाच्या खिडकीवर बसते, तिच्यापासून कुणाचा पत्ता लपणार आहे? भूगोलाच्या पुस्तकात चिठ्ठी ठेवली आणि म्हणाली, "पाकीट नीट चिकटव, तुझी पाकिटं नेहमी उघडतात." बस, एवढंच. बाबांना यातलं काही माहीत नाही.

आम्ही बरे आहोत. तू सुतारकाम करतोस एवढं कळलंय. खुर्च्या बनवतोस का रे? आपल्या स्वयंपाकघरातली आखूड पायाची खुर्ची अजून तशीच आहे. तिच्या पायाखाली सध्या तुझं रसायनशास्त्राचं पुस्तक आहे. राग मानू नकोस, त्या जाडीचं दुसरं काही सापडेना.

आता कामाचं. शाळेने विषय निवडायचा फॉर्म दिलाय. भाषा सक्तीच्या, बाकीचे चार विषय आपण निवडायचे आणि महिनाअखेर फॉर्म द्यायचा. इथवर ठीक. पण खाली एक चौकट आहे, "पुढे काय व्हायचे आहे?" बाई ती चौकट वाचणार आणि वरचे विषय तिच्याशी जुळतात का ते बघणार. माझं खालचंच रिकामं, तर वरचं कशाशी जुळवू?

मला काय व्हायचंय ते मला माहीत नाही. लिहिल्यावर हे तेवढं वाईट दिसत नाही. पण कुणाला तोंडाने सांगून बघ. समोरचा असा चेहरा करतो की जणू मी घराची किल्ली हरवून आलेय आणि शोधतही नाहीये.

खरी गोची पुढेच आहे. मागच्या आठवड्यात मी आपल्या चष्म्याच्या दुकानात होते. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर चष्म्याची दांडी बसवायला आले होते. त्यांनी आपलं सहज विचारलं, "काय मग, पुढे काय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "डोळ्यांची डॉक्टर." कसं निघालं देव जाणे! बाबा काच पुसत होते, ते पुसायचे थांबले. दादा, त्यांचा चेहरा असा उजळला! तू गेल्यापासून तसा पाहिलाच नव्हता. मग मला ते शब्द परत घेववेनात. संध्याकाळपर्यंत समोरच्या शिंप्यापासून दूधवाल्यापर्यंत बातमी पोचली. दुसऱ्या दिवशी बाबा पाटी रंगवणाऱ्याकडे जाऊन विचारून आले, दुकानाच्या पाटीवर आणखी एक ओळ मावेल का म्हणून.

आता फॉर्मवर दुसरं काही लिहिलं तर ते दुसऱ्यांदा तोंडघशी पडणार. पहिल्यांदा कुणामुळे ते मी लिहीत नाही. आणि तेच लिहावं, तर मला रक्त बघून चक्कर येते. तुझा गुडघा फुटला होता तेव्हा जखम तुझी आणि आडवी मी, आठवतंय ना?

म्हणून एकच विचारते. तू विषय कसे निवडले होतेस? तू का गेलास, परत कधी येणार, यातलं मी काही विचारत नाही. फक्त हे सांग, आणि खरं सांग.

तुझी
भुणभुण


१४ एप्रिल

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. तू मला भुणभुण हे नाव उगाच दिलं नव्हतंस, मी काही गप्प बसणार नाही.

शाळेत कलचाचणी झाली. ढीगभर प्रश्न. तुम्हाला यंत्र उघडून बघायला आवडतं की रुग्णाला धीर द्यायला? मला दोन्ही आवडतं की! निकाल आला, "कल: समतोल." समतोल म्हणजे काय, विचारलं. बाई म्हणाल्या, "सगळीकडे सारखाच." म्हणजे धड इकडे ना तिकडे. माझ्या शेजारी बसते तिला पाळण्यातच कळलं होतं की ती पायलट होणार. सगळे तिला पायलटच म्हणतात. तिचा फॉर्म केव्हाच भरून झाला. जत्रेतल्या पाळण्यात नुसती उंच गेली तरी तिला गरगरतं, पण ते विचारायचं नाही. मला म्हणते, "अगं, काहीतरी लिहून टाक, नंतर बदलता येतं." नंतर बदलणं किती सोपं असतं ते मी आपल्या घरात पाहिलंय.

आईला विचारलं. आई म्हणाली, "मला विचारशील तर जेवून घे." मग भांडी घासताना थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, "बाबांना आवडेल ते लिहू नकोस. आणि त्यांना आवडणार नाही म्हणूनही काही लिहू नकोस." मला हे कळायला दोन दिवस लागले.

काल शाळा सुटल्यावर दुकानात बसून मी बाबांना बघत होते. एक आजी तपासायला आल्या होत्या. बाबांनी ती जड गोल फ्रेम त्यांच्या नाकावर ठेवली आणि काचा बदलत गेले. "हे बरं की हे? आता? आणि आता?" आजी घाबरून म्हणाल्या, "सारखंच दिसतंय हो. चुकलं का माझं?" बाबा म्हणाले, "आजी, इथे कुणी नापास होत नाही. सारखं दिसलं म्हणजे जवळ आलो. दिसतं ते सांगा, दिसत नाही तेही सांगा. मला दोन्ही लागतं."

किती मायेने बोलतात रे ते परक्यांशी! मला एकदम रडू आलं. आणि राग पण आला. तुला हे कधी म्हणाले का ते? तुला तर गिऱ्हाइकांसमोर उभं करायचे. "बघा माझ्या मुलाचे डोळे! शेवटची ओळ वाचतो!" आणि तू वाचायचास. वाचायचास कसला, घडाघडा म्हणायचास. दुकानात वाढलेली पोरं आपण, तो अक्षरांचा तक्ता आपल्याला पाढ्यांसारखा येतो. तूच तर मला शिकवलास, खुर्चीमागे बसून, शेवटच्या बारीक ओळीसकट. आणि शपथ घातलीस की तुला ती अक्षरं तिथून दिसत नाहीत हे कुणालाच सांगायचं नाही.

मी नाही सांगितलं. तू नापास झालास तेव्हाही नाही. बाबा ओरडले, "देवाने धड डोळे दिलेत, तरी तुला समोरचं दिसत नाही!" सकाळी तू पिशवी भरून निघून गेलास. मी दारात उभी होते. गावभर चष्मे वाटणाऱ्याच्या घरात फळा न दिसणारा मुलगा, आणि हे माहीत फक्त मला. माझ्या ओठावर आलं होतं, पण शपथ होती ना.

खूप आठवण येते तुझी. हे मी कधी बोलले नसते, पत्र आहे म्हणून लिहिलं.

फॉर्म अजून कोरा आहे.

भुणभुण


२२ एप्रिल

दादा,

बसून वाच. मी काही सांगितलेलं नाही, आधी हे लक्षात घे. जे झालं ते आपोआप झालं.

परवा माझा वाढदिवस होता. म्हणजे डोळे तपासायचा दिवस, आपल्या घरची रीतच ती. दुकान बंद करता करता बाबा म्हणाले, "चला डॉक्टरीणबाई, बसा खुर्चीत." बसले. डोक्यात तोच फॉर्म, तीच चौकट. आज सांगायचं की उद्या सांगायचं, हाच विचार. बाबांनी खोलीतला दिवा मालवला, तक्त्याच्या पेटीचं बटण दाबलं आणि माझ्याकडे पाठ करून काचा काढायला लागले. "डावा डोळा झाक. वाच."

मी वाचायला लागले. वरच्या मोठ्या अक्षरापासून एकेक ओळ खाली, नेहमीच्या चालीवर, शेवटच्या ओळीपर्यंत. त्या ओळीच्या खाली छापखान्याचं नाव आहे ना, मुंगीएवढ्या अक्षरांत? तेही म्हणून टाकलं.

बाबा वळले. मी म्हटलं, "आता उजवा झाकू?"

"दिवा कुठे लागलाय?" बाबा म्हणाले.

पेटीतला दिवा गेलेला होता रे! बटण दाबलं पण तो लागलाच नव्हता. समोर नुसता करडा चौकोन होता आणि मी त्याच्याकडे बघत छापखान्यासकट सगळं घडाघडा म्हटलं. शपथेवर सांगते, माझ्या लक्षातच आलं नाही. अशी माती खायला चष्मेवाल्याचीच पोर पाहिजे.

मला वाटलं आता भडकणार. पण ते गिऱ्हाइकांसाठी असलेल्या स्टुलावर बसले. आपण कधी त्यांना त्या स्टुलावर बसलेलं पाहिलंय? मग म्हणाले, "त्यालाही येतो?"

मी काय करणार होते? खोटं बोलायला जागाच नव्हती. म्हटलं, "त्यानेच शिकवला."

"आणि फळा?"

"पुढच्या बाकावरून थोडा दिसायचा. पण उंच होता ना, म्हणून त्याला कायम मागे बसवायचे."

बाबा हातातली काच पुसत राहिले. ती आधीच स्वच्छ होती. शेवटी म्हणाले, "मी त्याला लोकांसमोर उभा करायचो." आणि उठून पाटीवरचे दिवे मालवायला बाहेर गेले. बराच वेळ आत आले नाहीत. मी त्या खुर्चीतच बसून राहिले आणि माझं मेलीचं सांगायचं ते राहूनच गेलं.

काल सकाळी बघते तर तुझं रसायनशास्त्राचं पुस्तक खुर्चीखालून काढून, पुसून कपाटावर ठेवलेलं. खुर्ची डुगडुगते. आई म्हणाली, "डुगडुगू दे."

फॉर्म आठवड्याभरात द्यायचाय. दादा, मला भीती वाटते. ते असे खचलेत आणि आता मी जाऊन सांगू, की डोळ्यांची डॉक्टर हेही नुसतं पाठ म्हटलं होतं?

भुणभुण


२६ एप्रिल

दादा,

तुझं पत्र आलं! आईने खिडकीवरूनच धाडलं, पायलटच्या हाती. शाळेत गणिताच्या तासाला बाकाखाली धरून वाचलं.

पण गाढवा, आठवडाभर आधी पाठवायचं ना! "बाबांना तक्त्याचं सांगू नकोस, उगाच जिवाला लावून घेतील." लावून घेतलंय त्यांनी, केव्हाच.

बाकीचं मी पुन्हा पुन्हा वाचलं. "विषय मी निवडले नाहीत. बाबांनी विचारलं तेव्हा तक्ता म्हणायचो तसेच म्हटले. गणित मला आवडायचं गं. बाई तोंडाने सांगायच्या तोवर सगळं कळायचं, फळ्याकडे वळल्या की संपलं. इथे लाकूड हातभर अंतरावर असतं, म्हणून जमतं." मला आजवर वाटायचं तुला गणिताचा तिटकारा होता. सगळ्यांनाच वाटायचं. मी वर्गात मान खाली घालून रडले आणि बाईंना वाटलं मला त्रिकोणमिती झेपत नाही.

आता ऐक, मी एक केलंय, ओरडू नकोस. ते पत्र मी बाबांच्या टेबलावर ठेवलं. लपवाछपवी आता पुरे झाली आपल्या घरात. बाबांनी ते उभ्यानेच वाचलं. मग बसून वाचलं. मला वाटलं रडतील. तर म्हणाले, "जवळचं दिसतं, लांबचं नाही. लहानपणापासून असणार. दीड नंबर तरी असेल, जास्तच." आणि चष्मा काढून डोळे पुसले. दुसऱ्यांचे डोळे तपासणारा माणूस स्वतःचे पुसताना फार एकटा वाटतो, दादा.

मी तुझ्यासारखं करायचं नाही असं ठरवलंय. उद्या सांगणार. काय होईल ते होईल.

भुणभुण


२ मे

दादा,

सांगितलं.

झालं असं की मी तोंड उघडायच्या आधीच बाबा म्हणाले, "बस खुर्चीत. तुझे डोळे तपासायचे राहिलेत." वर बघितलं तर जुना तक्ता गायब. नवीन आणलाय, अक्षरं सगळी वेगळी. मी वाचायला लागले आणि चौथ्या ओळीला अडकले. खरंच दिसेना! म्हटलं, "बाबा, हे काय आहे ते मला कळत नाहीये." माझ्या आयुष्यात मी त्या खुर्चीत हे पहिल्यांदा म्हटलं. ते म्हणाले, "शाबास." मला पाऊण नंबर निघाला. चष्मा लागला, दादा! त्यातून पहिली गोष्ट काय दिसली असेल, तर समोरच्या शिंप्याची मिशी. एका बाजूला आखूड आहे. इतकी वर्षं त्याने लोकांची मापं घेतली आणि आम्हाला कुणालाच पत्ता नाही.

मग मी हिय्या केला. जड फ्रेम नाकावरच होती. म्हटलं, "बाबा, मला डोळ्यांची डॉक्टर व्हायचं नाहीये. बहुतेक नाहीच. तेव्हा तोंडातून निघून गेलं, आणि तुम्हाला इतका आनंद झाला की मला परत घेता येईना. मला काय व्हायचंय ते मला माहीत नाही."

चेहरा पडला बाबांचा, पडणारच. पाटी रंगवणाऱ्याला त्यांनी अक्षरांचा आकारसुद्धा सांगून ठेवला होता.

मग म्हणाले, "म्हणजे दिसत नाही म्हणतेस."

"नाही दिसत."

"बरं. तेही लागतं मला." आणि माझ्या फ्रेममधल्या काचा काढून घेतल्या, नुसती रिकामी फ्रेम ठेवली. "हलू नकोस. विचार करायचा नाही, बघायचं आणि बोलायचं. हे बरं की हे? जीवशास्त्र की भूगोल?"

"भूगोल."

"रसायन की गणित?"

"गणित."

"इतिहास की अर्थशास्त्र?"

"सारखंच."

"म्हणजे जवळ आलो. दोन्ही ठेव. भौतिक की चित्रकला?"

"ते... अहो, मला चौथा मिळाला की. भूगोल, गणित, इतिहास, अर्थशास्त्र."

"मग उतर खाली," बाबा म्हणाले. "दुकान बंद करायचंय."

इतकंच! मी महिनाभर ज्याच्यासाठी नखं खाल्ली ते चष्म्याचा नंबर काढावा तसं निघालं. या चार विषयांनी मी कोण होईन ते मला अजूनही माहीत नाही. पण त्यातला एकही मी पाठ म्हटलेला नाही, हे मात्र छातीवर हात ठेवून सांगते.

राहिली खालची चौकट. "पुढे काय व्हायचे आहे?" मी लिहिलं, "अजून नीट दिसत नाही." फॉर्मवर पालकांची सही लागते. बाबांनी ती चौकट वाचली, पेन काढलं, आणि चष्म्याच्या कागदावर लिहितात त्याच वळणदार अक्षरात खाली लिहिलं, "तपासले. एका वर्षाने पुन्हा दाखवावे." आणि झोकात सही ठोकली. बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, माझा नवा चष्मा बघितला आणि इतक्या हसल्या की फॉर्म घेऊनच टाकला. पायलट जळफळली. तिचा फॉर्म परत आलाय, भौतिक लिहायचं राहिलं होतं.

आता शेवटचं, आणि हे माझं नाही, निरोप आहे. हे पत्र मी दुकानातच बसून लिहितेय. बाबा पलीकडे काचा घासतायत आणि मला ऐकू जाईल अशा बेताने स्वतःशीच बोलतायत. मग सरळ म्हणाले, "त्याला लिही, चष्मा टपालाने पाठवता येतो, नंबर पत्रावरून काढता येत नाही. त्याला माणूस खुर्चीत बसावा लागतो." मी म्हटलं, "आणखी काही लिहू?" तर म्हणाले, "लिही, तक्ता नवीन आहे, मला स्वतःलाही अजून पाठ नाही. दिसेल तेवढंच वाचायचं. दुकानात तेव्हा दुसरं कुणी नसेल." मग उगाच ड्रॉवर उघडला आणि मिटला.

येताना हत्यारं आण. खुर्ची डुगडुगतेय, आणि आई तिला कुणाला हात लावू देत नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या ड्रॉवरमध्ये तुझ्यासाठी फ्रेम काढून ठेवलीय त्यांनी. मी चोरून बघितली. जाड, तपकिरी, शाळामास्तरांची असते तसली. भयंकर आहे रे. तरी ये.

तुझी
भुणभुण